सिम्कोच्या बर्फावर पहिल्यांदा गळ टाकताना

डिसेंबरचा दुसरा आठवडा आला की माझा फोन वाजायला लागतो. कधी ब्रॅम्प्टनहून, कधी मिसिसागाहून, कधी वॉटर्लूला शिकणाऱ्या मुलांचा. "दादा, यंदा बर्फावर मासे धरायला न्याल ना?" मी कॅनडातल्या न्यूमार्केटला राहतो, तिथून सिम्को सरोवराचा काठ गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर. पण सगळ्यांना नेणं होत नाही. माझं काम फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, दुरुस्त करण्याचं, आणि लोकांचे फर्नेस नेमके कडाक्याच्या थंडीतच बंद पडतात. हिवाळ्यात हाताशी उरतो तो रविवार. म्हणून म्हटलं, जे फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगतो ते एकदा नीट लिहून ठेवावं.

मी मूळचा मालवणचा. बाबा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर जायचे, मीही लहानपणी दोर ओढलेत. मासे धरणं मला नवीन नव्हतं. पण पाणी पायाखाली घट्ट होतं आणि त्यावरून माणसं चालत जातात, हे चौदा वर्षांपूर्वी इथेच पाहिलं. समुद्राने शिकवलेल्या दोन गोष्टी इथेही उपयोगी पडल्या: वारा ओळखणं आणि थांबून राहणं. बर्फाची मुळाक्षरं मात्र नव्याने गिरवावी लागली. तेव्हा आधी बर्फाबद्दलच लिहितो, आणि जास्त लिहितो. मासा नंतर.

सिम्को म्हणजे टोरांटोच्या उत्तरेला ७२२ चौरस किलोमीटर पसरलेलं गोडं पाणी. त्याच्या दक्षिण टोकाला कुक्स बे ही उथळ खाडी, तिच्या पूर्वेला केस्विक, पश्चिमेला गिलफर्ड आणि लेफ्रॉय. पश्चिमेला बॅरी शहरापर्यंत घुसलेली केम्पेनफेल्ट बे, आणि तिथे पाणी ४० मीटरच्या आसपास खोल. या दोन खाड्या लक्षात ठेवायचं कारण असं, की सरोवर एकदम गोठत नाही. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. थंडी पडली की वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, खालचं वर येतं, आणि तळापासून माथ्यापर्यंत सगळं पाणी ४ अंशांवर येईपर्यंत ही घुसळण चालू राहते. त्यानंतरच वरचा थर आणखी गार होतो, हलका होऊन वरच राहतो आणि गोठतो. उथळ खाडीत ही घुसळण लवकर आटोपते, खोल पाण्यात आठवडे लागतात. त्यामुळे कुक्स बेवर माणसं मासे धरत असतात आणि त्याच दिवशी केम्पेनफेल्टमध्ये लाटा उसळत असतात. "सिम्को गोठलं का?" या प्रश्नाला एक उत्तर नसतंच. कुठला भाग, हे आधी विचारा.

नवख्याने सुरुवात कुक्स बेवरूनच करावी, तीही जानेवारीचा दुसरा पंधरवडा लागल्यावर. त्याआधीचा कोवळा बर्फ जाणत्यांसाठी सोडा.

बर्फ तपासायचा कसा

रंग आधी बघा. नितळ, काळसर-निळा, काचेसारखा बर्फ सगळ्यात मजबूत. दुधासारखा पांढरा बर्फ म्हणजे त्यात हिम आणि हवा मिसळलेली. त्याची ताकद निम्मी धरायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. राखाडी दिसला तर त्यात पाणी मुरलंय. तिथे पाऊल टाकायचं नाही, मग बाकी कुणी काहीही सांगो.

एका माणसाला चालायला नितळ बर्फ किमान १० सेंटिमीटर लागतो, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. मी १५ झाल्याशिवाय जात नाही. गाडी घेऊन जाणारे २० ते ३० सेंटिमीटरचा हिशेब सांगतात. मी गाडी काठावरच ठेवतो आणि तुम्हालाही तेच सांगेन.

जाडी मोजायला दोन वस्तू लागतात. पहिली पहार. आपल्याकडे विहिरीच्या कामाला असते तीच, फक्त टोक छिन्नीसारखं. प्रत्येक दोन-तीन पावलांवर पुढे एक सणसणीत ठोका मारायचा, मग पाऊल. घट्ट बर्फावर पहार टण्‌कन वाजते आणि हाताला झिणझिण्या येतात. पातळ बर्फावर आवाज बोदा येतो. हा फरक एकदा कानात बसला की विसरत नाही. एका ठोक्यात पहार आरपार गेली, तर वळायचं आणि आपल्याच पावलांवरून परत यायचं. दुसरी वस्तू गिरमिट. दर तीस-चाळीस पावलांवर एक भोक पाडायचं आणि मोजायचं. मी त्यासाठी एक लाकडी पट्टी केली आहे. तिच्या टोकाला खिळा आडवा वाकवलाय आणि १०, १५ आणि ३० वर खाचा पाडल्यात. भोकात पट्टी सोडायची, खिळा बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायचा, वर खाच वाचायची. हातमोजा न काढता होतं.

माझ्याबरोबर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने पहिल्या दिवशी हेच म्हटलंय, "दादा, पुढे तर पावलं दिसतायत, मग कशाला मोजायचं?" पावलं एवढंच सांगतात की तिथून कुणीतरी गेलं. तो किती वजनाचा होता, सकाळी गेला की काल रात्री, आणि परत आला का, हे पावलं सांगत नाहीत. सिम्कोमध्ये नद्या येऊन मिळतात. कुक्स बेच्या टोकाला हॉलंड नदी मिळते. नदीच्या मुखाशी पाणी वाहतं असतं आणि बर्फ खालून झिजतो. होड्यांच्या धक्क्यांभोवती लोक पाण्यात हवेचे बुडबुडे सोडतात, धक्का गोठून फुटू नये म्हणून. तिथेही बर्फ फसवा. वर ताजं हिम पडलं की हे सगळं एका पांढऱ्या चादरीखाली झाकलं जातं. हिम गोधडीसारखं ऊब धरतं, त्यामुळे त्याच्याखालचा बर्फ वाढतही नाही. हिमवर्षाव झाला की कालचं माप रद्द समजा.

बर्फ ओरडतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जागच्या जागी बसलो होतो. लांबून तोफ डागल्यासारखा आवाज येतो आणि पायाखालून सरसरत निघून जातो. थंडीत बर्फ ताणतो-आवळतो त्याचा तो आवाज. त्याला भ्यायचं कारण नाही.

भ्यायचं ते भेगांना. मोठ्या सरोवरावर बर्फाचे पट्टे एकमेकांवर रेटतात, मग लांबच लांब भेग पडते किंवा बर्फाचे तुकडे उभे राहून बांध तयार होतो. माझ्या चौथ्या हिवाळ्यात मी आणि एक मित्र सकाळी अशी एक भेग ओलांडून गेलो. जेमतेम वीतभर रुंद, लहान मूलही ओलांडेल अशी. दुपारपर्यंत दक्षिणेचा वारा सुटला. आमचं लक्ष माशांकडे. वारा अंगावर घेत होतो, पण त्याचा अर्थ लावत नव्हतो. तीन वाजता परत आलो तर वीतभर भेगेचं चार हात रुंद काळं पाणी झालं होतं आणि त्यावर बर्फाचा चुरा हलत होता. उडी मारण्यासारखं नव्हतं. कडेकडेने, पण कडेपासून लांब राहून, पाऊण तास चाललो तेव्हा कुठे भेग मिटलेली जागा मिळाली. तिथेही पहारेने एकेक हात ठोकून बघितला. काठावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि मित्राच्या फोनवर घरच्यांचे अकरा मिस्ड कॉल होते. त्या दिवसापासून मी भेग ओलांडून पलीकडे मासे धरत नाही. वाऱ्याचा अंदाज बघितल्याशिवाय घर सोडत नाही. वारा काठाकडून सरोवराकडे वाहणार असेल तर तर नाहीच. समुद्रावरच्या माणसाला हे कळायला हवं होतं. आपल्याकडे मतलई वाऱ्यावर होड्या बाहेर काढतात, म्हणजे तो वारा काठापासून लांब नेतो, हे मला पाळण्यापासून ठाऊक. बर्फही होडीसारखाच तरंगत असतो, एवढाच धागा मी जोडला नव्हता.

पाण्यात पडलात तर

हे वाचून विसरू नका. पाठ करा, आणि बरोबर येणाऱ्यांकडून पाठ करून घ्या.

मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी गार पाण्यात माणसाचं काय होतं याचा आयुष्यभर अभ्यास केला, स्वतः पाण्यात उतरून केला. त्यांचा हिशेब सोपा आहे: १-१०-१. पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला. गार पाण्याच्या धक्क्याने आपोआप धाप लागते, त्या मिनिटात फक्त डोकं वर ठेवायचं आणि श्वास शांत करायचा. मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. बाहेर येण्याची धडपड त्यातच करायची. आणि शुद्ध जायला साधारण १ तास लागतो. म्हणजे घाबरून पहिल्या मिनिटातच हातपाय मारू नका. तुमच्याकडे वाटतो त्याहून जास्त वेळ आहे.

ज्या बाजूने आलात त्या बाजूला तोंड करा, कारण त्या बर्फाने तुम्हाला आत्तापर्यंत पेललेलं असतं. गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोचे असतात, लाकडी मुठीत पक्का खिळा बसवलेले; ते दोन हातांत घेऊन बर्फात रोवायचे. पाय मागे पोहताना मारतो तसे मारून अंग आडवं करायचं आणि सरकत वर यायचं. वर आलात की उभं राहायचं नाही. लोळत लांब जायचं, मग रांगत. बरोबरच्याने जवळ धावत यायचं नाही. लांबून दोरी फेकायची.

टोचे कुठल्याही मासेमारीच्या दुकानात मिळतात, अगदी स्वस्त. ते जॅकेटच्या आत नको, बाहेर लटकायला हवेत. शिट्टी आणि पंधरा मीटर दोरीही हवी. तरंगणारा सूट परवडला तर घ्याच. मी तिसऱ्या वर्षी घेतला, पहिल्या वर्षी घ्यायला हवा होता. आणि एकटं जायचं नाही.

अंगावर काय, बरोबर काय

सुती कपडा अंगाला नको. घाम धरतो आणि गारठवतो. आत लोकरीचा पातळ थर, मधे जाड लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा अडवणारं. बूट एक माप मोठे, म्हणजे जाड मोज्यांवर बोटं हलतील. सामानाची ओढगाडी ओढत चालताना बाहेरचं जॅकेट काढून गाडीवर टाका. घामाघूम होऊन पोचलात तर अर्ध्या तासात कुडकुडाल. फोन आतल्या खिशात, शरीराच्या उबेत, नाहीतर बॅटरी ऐन वेळी झोपते. खायला आम्ही थालीपीठं, शेंगदाण्याची चटणी आणि तूप-गूळ नेतो. पाणी गोठतं, चहा थर्मासात टिकतो.

सामान

सुरुवातीला फार खर्च करू नका. हाताने फिरवायचं १५ सेंटिमीटर व्यासाचं गिरमिट पर्च या लहान माशासाठी पुरतं. नवं पातं असेल तर तीस सेंटिमीटर बर्फ दमछाक न होता कापतं. पात्याला झाकण घालूनच न्या. बोथट पातं म्हणजे दिवसाचा सत्यानाश. भोकातला बर्फाचा चुरा काढायला झारा, अगदी भजी तळायच्या झाऱ्यासारखा. घरचा जुना झाराही चालतो, फक्त दांडा लांब हवा.

काठी लहान, हातभर लांबीची आणि शेंडा मऊ. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, बारीक, ४ पौंड ताण सोसणारा. सिम्कोत झेब्रा शिंपल्या शिरल्यापासून त्या पाणी गाळत बसल्यात आणि पाणी काचेसारखं नितळ झालंय. जाड तंगूस माशाला दोरखंडासारखा दिसतो. त्याला नखाएवढा शिशाविना धातूचा जिग, म्हणजे वजन आणि गळ एकत्र. आमिषाला मी माशीच्या अळ्या वापरतो, दुकानात डबीत मिळतात. डबी आतल्या खिशात ठेवायची, नाहीतर अळ्या गोठतात. जिवंत छोट्या माशांचं आमिष सिम्कोवर फार चालतं, पण ते कुठलं आणायचं, कुठे न्यायचं याचे नियम कडक आहेत, आणि उरलेलं पाण्यात ओतणं हा गुन्हा आहे. नवख्याने अळ्यांवर भागवावं.

गोबी नावाचा डोळे वटारलेला तळमासा कधी गळाला लागतो. तो इथला नव्हे, जहाजांबरोबर काळ्या समुद्राकडून या खंडात आलेला, आणि इथल्या माशांची अंडी खातो. तो जिवंत परत सोडायचा नाही, जवळही ठेवायचा नाही. तिथेच मारायचा.

मासा कुठे असतो

आता पर्चबद्दल. पिवळा पर्च, अंगावर हिरवट-काळे उभे पट्टे, पोटाखालचे पंख शेंदरी. सहसा वीतभर, हातात आला की पाठीवरचा काटेरी पंख उभा करतो, म्हणून डोक्याकडून मागे हात फिरवत धरायचा.

हिवाळ्यात बर्फाला टेकलेलं पाणी शून्याजवळ आणि तळाचं सगळ्यात उबदार, म्हणजे ४ अंशांच्या जवळपास. पर्च तळाशी राहतो तो म्हणूनच, आणि तळातले किडे तिथेच असतात म्हणूनही. तो थव्याने फिरतो आणि डोळ्याने शिकार करतो, म्हणून दिवसाच खातो. अंधार पडला की पर्च संपला, काठी गुंडाळा.

कुक्स बेवर मी साधारण ३ मीटर पाण्यात सुरू करतो, जिथे पाणवनस्पती अजून हिरवी आहे त्या कडेला. हिरवी वनस्पती बर्फाखालीही थोडा प्राणवायू देते, कुजलेली उलट खाते. गळाला लागून आलेला पाला हातात घेऊन बघा: हिरवागार असेल तर थांबा, तपकिरी बुळबुळीत असेल तर पुढे चला. उथळाकडून खोलाकडे जाणाऱ्या रेषेत, दहा-बारा पावलांवर एक अशी आठ-दहा भोकं सकाळीच पाडून ठेवा, म्हणजे नंतर गिरमिटाचा खडखडाट नको. मग एकेका भोकावर दहा मिनिटं. दहा मिनिटांत काही नाही तर पुढचं. एका भोकावर दुपारपर्यंत आशेने बसणारे खूप बघितलेत. रापणीत मासा किनाऱ्याकडे यायची वाट बघतात. इथे थवा शोधत आपण चालायचं. फेब्रुवारी सरत आला की थवे खोलात जातात, ६ ते १० मीटरवर. तेव्हा भोकांची रेषाही लांबवायची.

हाताला कळतं ते

गळ तळापर्यंत सोडा. तंगूस सैल पडला की तळ लागला. दोन-तीनदा तळाला हलके टेकवा, म्हणजे गाळ थोडा उडेल आणि किडा चिखलातून निघाल्यासारखं दिसेल. मग वीतभर वर उचला आणि थांबा. मनात पाच अंक मोजा. परत हलका झटका, परत थांबा. पर्च बहुतेक वेळा थांबल्यावरच तोंड लावतो.

हे मला कुणी सांगून पटलं नव्हतं. डोळ्यांनी बघितलं तेव्हा पटलं. उथळ पाण्यावर तंबू ठोकायचा, आतून अंधार करायचा आणि भोकाजवळ पालथं पडून आत बघायचं. बाहेरचा उजेड बर्फातून झिरपून पाण्यात उतरतो, आणि अंधारातून बघणाऱ्याला तीन मीटर खालचा तळ दिसतो, गवताची पातीन्‌पाती दिसते. मी गळ हलवत होतो तेव्हा चार पर्च गोल करून लांब थांबले होते, अंगणात पाहुणा आल्यावर दारात उभी राहतात त्या मुलांसारखे. गळ स्थिर केला. त्यातला एक हळूच पुढे आला, दोन बोटांवर थांबला, शेपूट नुसती थरथरत होती. त्याच्या कल्ल्यांची झापडं उघडली आणि जिग गायब. चावला नाही, ओढला नाही. पाण्याबरोबर आत शोषून घेतला. वर माझ्या हाताला काहीही कळलं नाही. मला वाटलं, हा आता झटका देईल. त्याने दिला नाही. दोन क्षणांनी त्याने जिग फुंकून बाहेर टाकला, आणि मी बघतच राहिलो.

त्या दिवसापासून मी काठीच्या शेंड्याला पातळ स्प्रिंगची तार लावतो. माशाने जिग शोषला की वजन कमी होऊन तार केसभर वर उठते, किंवा थरथरते. तेवढ्यावर मनगटाने हलका झटका द्यायचा. "धक्का बसेल तेव्हा ओढेन" म्हणून बसलात तर दहातले सात मासे खाऊन निघून गेलेले असतील. बरोबर आलेल्या मुलांना मी आधी अर्धा तास नुसतं भोकात बघायला लावतो, काठी नंतर देतो.

एक लागला की घाई करा. थवा खाली असतो तेवढीच पाच-दहा मिनिटं. मासा काढला, गळ सोडला, परत खाली. पण खूप खोलातून काढलेला मासा परत सोडून उपयोग नसतो. दाब उतरल्याने त्याचा हवेचा फुगा फुगतो आणि तो बर्फाखाली उलटा तरंगतो. खोलात धरायचे तर जे येतील ते ठेवायचे आणि पुरेसे झाले की थांबायचं.

व्हाइटफिश आणि लेक ट्राउट हे सिम्कोचे मोठे मानकरी. ते २० मीटर आणि त्याहून खोल, मुख्य सरोवरात, पहाटे. त्यासाठी मोठं गिरमिट, भेगांच्या पलीकडे जाणं आणि बर्फ जाणणारा सोबती हवा. पहिल्या वर्षी हे स्वतःहून करू नका. काठाकाठावर बर्फावरची झोपडी भाड्याने देणारे लोक आहेत. ते हिमगाडीने नेऊन सोडतात, भोकं पाडून देतात आणि संध्याकाळी परत आणतात. त्यांना रोजचा बर्फ माहीत असतो. घरात लहान मुलं असतील तर मी म्हणेन पहिली फेरी अशीच करा.

तंबूतली शेगडी

हा माझ्या धंद्यातला विषय, म्हणून जोर देऊन सांगतो. प्रोपेनची शेगडी बंद जागेत जळली की प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं थंडीनेच होतंय. तंबूची एक खिडकी वर आणि एक फट खाली, दोन्ही कायम उघड्या हव्यात. खालून हवा आत येते, वरून बाहेर जाते. एकच उघडी ठेवून भागत नाही. शंभर डॉलरच्या आत बॅटरीवरचा डिटेक्टर मिळतो, तो बसल्यावर डोक्याच्या उंचीला टांगा. कुणी "डोकं दुखतंय" म्हटलं की आधी शेगडी बंद, सगळे बाहेर. चहा नंतर.

कागदपत्रं

१८ ते ६४ वयाच्या, आमच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या रहिवाशाला आउटडोअर्स कार्ड हे सरकारी ओळखपत्र आणि मासेमारीचा परवाना लागतो. फेब्रुवारीत फॅमिली डेच्या सुट्टीला जोडून शनिवार-रविवार-सोमवारी कॅनडात राहणाऱ्यांना परवान्याशिवाय मासे धरता येतात. चाखून बघायला उत्तम. सिम्कोवर पर्चची दिवसाची मर्यादा पूर्ण परवान्यावर ५० आणि संवर्धन परवान्यावर २५ आहे, पण दर वर्षीचे नियम सरकारी पानावर स्वतः वाचा. कापडी तंबू ७ चौरस मीटरच्या आतला असेल तर नोंदणी लागत नाही. लाकडी झोपडीला नंबर लागतो आणि ती १५ मार्चपर्यंत उचलावी लागते.

मला मर्यादा जाचक वाटत नाही. सरोवराच्या उत्तरेला, ऑरिलियाजवळच्या अॅथर्ली नॅरोजमध्ये, पाण्याखाली लाकडी खुंटांच्या रांगा आहेत. मासे अडवायला इथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी ठोकलेल्या, त्यातल्या काही साडेचार हजार वर्षांहून जुन्या. त्या जागेचं नाव म्न्जिकॅनिंग. आमच्या खाडीत अजूनही खुंट ठोकून जाळी लावतात, त्यामुळे तो फलक वाचताना माझा पाय निघेना. इतकी वर्षं माणसं या पाण्यातून खातायत आणि पाण्यात अजून मासा आहे, तर मीही बादली भरायची नाही, ताट भरेल एवढंच घ्यायचं.

घरी आल्यावर

पर्चचे खवले टणक, खवलायला बसू नका. कल्ल्यामागे सुरी लावून मधल्या काट्यापर्यंत कापा, मग सुरी आडवी करून काट्याला घासत शेपटीपर्यंत न्या. बरगड्या उचलून टाका. तुकडा कातडीची बाजू खाली करून ठेवा, शेपटीकडून कातडी बोटाने धरा आणि सुरी कातडी-मांसाच्या मधून सरकवा. पहिले पाच मासे फाटतील, सहाव्याला हात बसेल. वीस माशांचे चाळीस तुकडे, चौघांचं जेवण.

मांस पांढरं, गोडसर, आपल्या मुडदुशी माशासारखं नाजूक. त्यामुळे मसाल्याचा मारा नको. माझ्या बायकोचा हात असा: मीठ, हळद, थोडी लाल मिरची, आगळ म्हणजे कोकमाचा रस चमचाभर, आलं-लसणाचं वाटण नखभर. दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही, नाहीतर आगळाने मांस सुटतं. तांदळाचं पीठ आणि बारीक रवा निम्मा-निम्मा, त्यात घोळवून तव्यावर कमी तेलात, एका बाजूला दोन मिनिटं. बांगड्याच्या तिखल्यात घालतो ती तिरफळं पर्चला नकोत, मासा हरवतो. डोकी आणि काटे टाकू नका. पाण्यात कांदा, मिरी आणि कोकमं घालून वीस मिनिटं उकळा, गाळा आणि त्यात नारळाचं दूध ओता. भाताबरोबर ती कढी बाहेरच्या वजा पंधरा अंशांवर उत्तम उतारा आहे.

उरलेले तुकडे पिशवीत घालून पिशवी पाण्याने भरा, हवा काढा आणि तशीच गोठवा. पाण्यात गोठलेला मासा फ्रीजरच्या कोरड्या हवेने कातड्यासारखा होत नाही. पिशवीवर तारीख टाका आणि तीन महिन्यांत संपवा.